मदत हवी आहे: चांदरचा कोट आणि गोपकपट्टण

नमस्कार मंडळी,
भोज आणि पुढे कदंब या राजघराण्यांची राजधानी असलेलं गोव्यातलं चंद्रपूर, म्हणजे आपलं चांदर, शाळेच्या मुलांना दाखवायचं आहे. कुशावतीकाठच्या कोटात देवळाच्या पायाचे अवशेष आणि मुंडकं उडालेला दगडी नंदी, एवढंच समोर दिसतं. इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी १९२९ च्या सुमारास तिथे उत्खनन केलं होतं. पण पोरं विचारणारच, ‘राजवाडा खंय?’

कदंबांनी नंतर राजधानी जुवारीकाठी गोपकपट्टणला, आताच्या गोवा वेल्ह्याला नेली. तिथल्या जुन्या बंदराच्या भिंतीपर्यंत मुलांना नेता येईल का? भरती-ओहोटी बघून जावं लागतं का? आणि चवथीनंतर कोटातलं गवत कापलेलं असतं का? (पावसात नंदीच शोधावा लागतो!) बस चांदरला कुठपर्यंत आत जाते, तेही कोणीतरी सांगा.