लायका एम८ वर ज्युपिटर-८ : जवळचा फोकस मागे का पडतो?

टेकडीवरचा
नमस्कार मंडळी. लायका एम८ हा २००६ साली आलेला डिजिटल रेंजफाइंडर (दर्शकातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा) कॅमेरा मी सेकंडहँड घेतला असून त्यावर स्क्रू माउंटची दोन जुनी ५० मिमी भिंगे ॲडॅप्टर लावून वापरतो आहे. एक सोव्हिएत बनावटीचे ज्युपिटर-८ आणि दुसरे लायकाचे नळी आत ढकलता येणारे समिटार, दोन्ही एफ/२ (भिंगाचे सर्वात मोठे छिद्र; आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते). समिटारने काढलेली व्यक्तिचित्रे चोख येतात, ज्युपिटरचे मात्र गणित जमत नाही. दूरच्या इमारती स्वच्छ दिसतात, पण मीटरभर अंतरावरच्या माणसाच्या डोळ्यावर दुहेरी प्रतिमा काटेकोर जुळवून एफ/२ वर फोटो काढला, की पापण्या धूसर आणि कानशिलावरचे केस एकेक मोजता येतील इतके स्पष्ट, असा प्रकार दर वेळी होतो. अशा स्थितीत कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर दुरुस्तीला पाठवावा, की भिंगच सदोष समजून काढून टाकावे?

दुसरी शंका रंगांची. काळी छत्री, काळी पाठपिशवी, काही जणांच्या काळ्या पँटी जांभळट येतात, आणि व्हाइट बॅलन्स कितीही बदलला तरी तो रंग जात नाही. या दोन्ही कारणांसाठी एम८ देऊन लायकाचाच पुढचा एम९ घ्यावा, असे मला सुचवण्यात आले आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

भिंगवेडा
कॅमेऱ्याला हात लावू नका. समिटार एफ/२ वर जवळून अचूक येते, याचा अर्थ कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर ठीक आहे. ज्युपिटरसाठी तो सरकवला, तर समिटार बिघडेल आणि पुढे घ्याल ते प्रत्येक भिंगही.

आपले ज्युपिटर बहुधा सदोषही नाही, ते वेगळ्या मापाला बांधलेले आहे. रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून पाहत नाही; भिंग फिरवल्यावर त्याच्या मागची कड कॅमेऱ्यातल्या लहानशा चाकाला ढकलते आणि त्या ढकलण्यावरून कॅमेरा अंतर ठरवतो. हा सारा हिशेब लायकाने ५० मिमी म्हणवणाऱ्या भिंगाचे खरे नाभीय अंतर ५१.६ मिमी धरून केलेला आहे, आणि प्रत्यक्ष नाभीय अंतर थोडे वेगळे असलेल्या भिंगांत ती कड त्या बेताने घडवलेली असते. ज्युपिटर-८ चा वंश मात्र जर्मन कंपनी झाइसच्या सोनार या भिंगाचा. युद्धानंतर हे तंत्र सोव्हिएत संघात गेले आणि त्याबरोबर झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचे ५२.४ मिमीचे मापही गेले. तिथल्या झोर्की, फेड या कॅमेऱ्यांवर हे भिंग बरोबर बसते, कारण तेही त्याच मापाला लावलेले असतात.

आता फरक किती पडतो ते पाहा. अनंतावर काहीच नाही, म्हणून आपल्या इमारती स्वच्छ येतात. एका मीटरवर ५१.६ मिमीच्या भिंगाला सुमारे २.९७ मिमी पुढे यावे लागते, तर ५२.४ मिमीच्या भिंगाला सुमारे ३.०७ मिमी. हा एक दशांश मिलिमीटरचा तुटवडा विषयाच्या बाजूला जवळजवळ ३ सेंटिमीटर होतो, आणि भिंग पुरेसे पुढे न आल्यामुळे फोकस विषयाच्या मागे पडतो. एफ/२ वर एम८ च्या सेन्सरसाठी एका मीटरवरची स्पष्टतेची खोली पुढे-मागे मिळून जेमतेम ३ सेंटिमीटर भरते, म्हणजे विषयामागे दीडच सेंटिमीटर. पापणीपासून कानशील किती मागे असते, ते मोजून पाहिलेत तर आपल्या तक्रारीचे उत्तर तिथेच मिळेल.

तूर्तास उपाय फुकटचा आहे: डोळ्यावर प्रतिमा जुळवा, फोकसची कडी तशीच ठेवा, दोन-तीन सेंटिमीटर मागे रेला आणि शटर दाबा. एफ/४ वर ही चूक कशीबशी झाकली जाते. परंतु सोनार जातीच्या भिंगात छिद्र लहान करताना फोकस आणखी थोडा मागे सरकतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

धूसर_उजेड
रंगाचे कारण व्हाइट बॅलन्सशी संबंधित नाही, म्हणूनच ते त्याने जात नाही. रेंजफाइंडरची भिंगे सेन्सरच्या फार जवळ येतात आणि कडेला किरण तिरपे पडतात, म्हणून लायकाने एम८ च्या सेन्सरवरची काच अवघी अर्धा मिलिमीटर जाडीची ठेवली. ती अवरक्त किरण पुरेसे अडवू शकत नाही. कृत्रिम धाग्याचे बरेचसे काळे कापड डोळ्यांना काळे दिसले तरी अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते, आणि ते सेन्सरवर जांभळे उमटते. पानांचा हिरवा रंगही त्यामुळे पिवळट होतो. बोभाटा झाल्यावर कंपनीने ग्राहकांना अतिनील-अवरक्त रोखणारे दोन फिल्टर मोफत दिले होते. तोच फिल्टर आपल्यालाही लागेल. ज्युपिटरला ४०.५ मिमीचा सहज बसेल. समिटारची पुढची आटी विचित्र, निमुळती असल्याने तिच्यासाठी ३९ मिमीचा फिल्टर घेता येईल असे वेगळे कडे शोधावे लागेल. कृष्णधवल काढणार असाल तर फिल्टर मुळीच लावू नका. त्वचेला येणारी ती किंचित झळाळी हेच माझ्या मते एम८ ठेवण्याचे खरे कारण आहे.

या दोन कारणांसाठी एम९ घेण्यात मला अर्थ दिसत नाही. ज्युपिटरची चूक तिथेही तशीच राहील, कारण मापाचा हिशेब तोच आहे. एम९ चा सेन्सर पूर्ण ३५ मिमी चौकटीचा आहे आणि ५० मिमीचे भिंग तिथे ५० सारखेच वागते, एम८ वर ते सुमारे ६७ सारखे भासते, हा फायदा मान्य. परंतु एम९ च्या सेन्सरवरची काच दमटपणाने गंजते आणि बारीक छिद्रांवर फोटोत कडी असलेले ठिपके दिसू लागतात. कंपनी काही वर्षे सेन्सर बदलून देत असे. साठा संपल्यावर ती सोय बंद झाली. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने न बदललेला सेन्सर असलेला एम९ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

टेकडीवरचा
दोघांचेही आभार. मागे रेलण्याची युक्ती लगेच करून पाहिली आणि पापण्या स्पष्ट आल्या, म्हणजे निदान पक्के झाले. ज्युपिटर कायमचे लायकाच्या मापाला लावून घेता येते, असे वाचनात आले. ते करून घ्यावे का?

भिंगवेडा
ज्युपिटर-८ चा काचांचा गाभा फोकसच्या नळीतून स्क्रूसारखा बाहेर निघतो आणि मध्ये धातूची पातळ चकती असते. तिची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटरने वाढवली की मीटरभरावरचा फोकस जुळतो. मात्र मग कडी अनंतावर नेली, तरी भिंगाचा फोकस प्रत्यक्षात २७ मीटरच्या आसपास थांबतो; एफ/५.६ पासून पुढे स्पष्टतेच्या खोलीत दूरचे सामावते, एफ/२ वर नाही. माणसेच काढत असाल तर सौदा चांगला आहे. रात्रीची दूरची दृश्ये काढत असाल तर चकतीला हात न लावता मागे रेलत राहा. काम घरी करू नका. त्या भिंगाचे बारीक स्क्रू मऊ धातूचे असतात, आणि खाच एकदा घासली की साधी सफाईसुद्धा अवघड होते.

सिलिका
मूळ प्रश्नात नाही, तरी समिटारबद्दल सांगणे भाग आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यावर हे भिंग आत ढकलून खिशात टाकायची सवय असते. एम८ वर ती नळी आत ढकलू नये. आत मिळू शकणारी जागा फिल्मच्या कॅमेऱ्यापेक्षा वेगळी आहे आणि लायकाच्या सूचनापुस्तिकेतही अशी भिंगे फक्त बाहेर ओढूनच वापरावीत, असे बजावलेले आहे. शिवाय भिंगाच्या मागून टॉर्च मारून आत धुके किंवा बुरशीचे जाळे दिसते का ते पावसाळ्याआधी पाहून घ्या, आणि चामड्याच्या जुन्या पेटीत भिंगे ठेवू नका, चामडे ओल धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झाले.