‘स्ट्रेस’ला ताण म्हणावे, तणाव की दडपण?

अनुवादक, ठाणे पश्चिम
लाळेतले कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारे एक हॉर्मोन) मोजणाऱ्या एका अभ्यासाचे माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. सगळीकडे ‘तणाव’ लिहिले तर वाचताना खटकते. ‘स्ट्रेस हॉर्मोन’साठी ‘तणाव संप्रेरक’ हा शब्दही पटत नाही. लाळ कधी द्यायची यासाठी ‘सकाळी उठल्यावर नमुना घ्या’ असे लिहिले आहे. दुसरे काय सुचते?

भाषा, नेरूळ
खटकते ते बरोबर आहे. तणाव दोघांमध्ये असतो, ताण एकावर पडतो. ‘दोन गटांत तणाव’ हे बातमीतले मराठी. डोळ्यांवर मात्र ताणच येतो. तणाव ही मुळात तंबूची दोरी. एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला कापड, म्हणजे दोन बाजू आल्याच. शिवाय ‘ताण’ हा शब्द वाईटच असतो असेही नाही. ठाण्याहून वाशीकडे जाताना ओव्हरहेड वायरीसाठी काही खांबांना वजने लटकवलेली दिसतात. उन्हाने तार वाढली तरी सैल पडू नये म्हणून ती तारेला सतत ताण देत असतात. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ म्हणतो तेव्हा तक्रार ताणाच्या प्रमाणाबद्दल असते.

चेताविज्ञान, खारघर
ताण घ्या, पण तो एकच शब्द पुरणार नाही. गोंधळ इंग्रजीतच आहे. शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी 1936 साली दाखवले की थंडी, इजा, अतिश्रम, काहीही असो, उंदरांत तेच तीन बदल होतात: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या, छातीतली थायमस ग्रंथी लहान आणि जठरात व्रण. या प्रतिसादाला त्यांनी पुढे ‘स्ट्रेस’ म्हटले. अभियांत्रिकीत स्ट्रेस म्हणजे प्रतिबल आणि त्याचा परिणाम म्हणजे विकृती, अर्थात आकारातला बदल. सेल्येंचा शब्द परिणामाच्या बाजूला गेला, म्हणून कारणासाठी त्यांना ‘स्ट्रेसर’ हा वेगळा शब्द करावा लागला.

पत्रकात तीन शब्द वेगळे ठेवा: ताणकारक, ताणप्रतिसाद आणि दडपण. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेली, मुद्दाम ताण आणणारी ट्रिअर चाचणी घ्या. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे 5 मिनिटे बोलायचे, मग 1022 मधून 13 वजा करत जायचे, चुकले की पुन्हा 1022 पासून. हे झाले ताणकारक. मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखालची पीयूषिका ग्रंथी, अधिवृक्क या साखळीतून कॉर्टिसॉल वाढते तो ताणप्रतिसाद. आणि जिवाची घालमेल होते ते दडपण, बोलीत टेन्शन. लाळेतले कॉर्टिसॉल शिखरावर पोचते ते चाचणी संपल्यावर साधारण 10 ते 20 मिनिटांनी, तोवर दडपण बरेचसे ओसरलेले असते. तेव्हा ‘आता किती ताण आहे?’ असे विचारले तर उत्तर एका गोष्टीचे आणि नमुना दुसऱ्या गोष्टीचा, असे होईल. तिथे ‘किती दडपण वाटते?’ हेच लिहा.

जीवरसायन, ऐरोली
‘संप्रेरक’ उत्तम शब्द आहे. शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये ‘हॉर्मोन’ वापरला तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. प्रेरक नेमके तेच सांगतो. ‘तणाव संप्रेरक’ मात्र टाळा. कॉर्टिसॉल निरोगी माणसातही रोज चढते-उतरते: जाग आल्यावर 30 ते 45 मिनिटांत आणखी वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. नुसते ‘कॉर्टिसॉल हे संप्रेरक’ पुरे.

आणि ‘सकाळी उठल्यावर नमुना घ्या’ हे वाक्य तर काढाच. ‘उठल्यावर’ म्हटले की माणूस दात घासून, चहा घेऊन मग लाळेच्या नळीकडे वळतो, तोवर चढाचा निम्मा भाग निघून गेलेला असतो. ब्रशने हिरडीतून रक्त आले तर आकडा खोटाच वाढतो, कारण रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असते. रात्रपाळीवाल्याची ‘सकाळ’ संध्याकाळीही असू शकते. शब्द हवा ‘जाग येताच’.

चेताविज्ञान, खारघर
पत्रकात हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) आला तर तसाच ठेवा. नावाचा अर्थ द्यायचा असेल तर समुद्रघोडा. पाणघोडा म्हणजे हिप्पोपोटॅमस. उंदरांचा उल्लेख असेल तर कॉर्टिकोस्टेरॉनचे ‘कॉर्टिसॉल’ करू नका; उंदरांत कॉर्टिसॉलच्या जागी मुख्यतः तेच संप्रेरक असते. चेतावैज्ञानिक मॅकईवेन आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये साठताना पाहिले ते कॉर्टिकोस्टेरॉनच.

अनुवादक, ठाणे पश्चिम
मग असे केले: ‘जाग येताच, अंथरुणात असतानाच पहिला नमुना घ्या. दुसरा 30 मिनिटांनी. मधल्या वेळात काही खाऊ नका, चहा घेऊ नका, दात घासू नका. नळीवर नमुन्याची वेळ लिहा.’

जीवरसायन, ऐरोली
‘नमुना प्रत्यक्ष घेतला ती वेळ’ असे लिहा. नाहीतर उशीर झाला तरी लोक ठरलेली वेळच टाकतात.