फोटोवरून काढलेली चित्रं?
पॅरिसचं रोजचं जीवन रंगवणारा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ज्याँ बेरो, त्याची चित्रं 'स्टुडिओत बसून फोटोवरून काढल्यासारखी' वाटतात, असं कुणीतरी म्हटलंय. अगदी उलट! या गड्याने चक्क एका घोडागाडीचाच स्टुडिओ करून घेतला होता. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि आत बसून खिडकीतून दिसेल ते टिपायचं. वाऱ्याने उडू पाहणारी हॅट धरणारी बाई किंवा ओल्या फरसबंदीवरून झगा दोन बोटांनी उचलून चालणारी, असले क्षण पोज देऊन मिळत नाहीत.

त्याच्या चित्रांत 'नुसतं श्रीमंतांचं पॅरिस' दिसतं, हा दुसरा आक्षेप मात्र निम्मा पटतो. पॅरिसच्या कार्नाव्हाले म्युझियममध्ये त्याचं १८८९चं ग्लॉप पेस्ट्रीच्या दुकानाचं चित्र आहे. आरसे, झुंबरं, नटलेल्या बायका, सगळा थाट. पण त्याच म्युझियममध्ये, र्‍यू द ला पे या रस्त्यावरच्या पाकँ या फॅशनगृहातून काम संपवून बाहेर पडणाऱ्या शिवणकामगार मुलींचंही चित्र आहे. म्हणजे तो थाट शिवणारे हातही त्याला दिसत होते. रागावून नव्हे, कौतुकाने रंगवले, एवढंच. (फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तच्या १८९७च्या द्वंद्वयुद्धात त्याच्या बाजूचा एक साक्षीदार हाच बेरो!)