मदत हवी आहे: गरोदरपणातला बीपी आणि बाळाच्या गालावरचा लाल डाग

भावाची मुलगी तीन महिन्यांची आहे. जन्मतः गालावर फिकट ठिपका होता, दुसऱ्या आठवड्यापासून तो फुगून लालभडक झाला. डोळा-ओठांपासून लांब आहे, जखम नाही. परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनी हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नव्हे) सांगितला. सध्या नुसतं लक्ष ठेवायचंय, त्यामुळं उपचार विचारत नाही.

घरात सगळे ग्रहणावर घसरलेत. वहिनीनं तेव्हा विळीवर भाजी चिरली म्हणे! मी वाचलं त्यात याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणून अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ, जुळं, मुलगी, आईचं जास्त वय, प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार), वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असणं एवढं आहे. विळी कुठंच नाही. वहिनीचा बीपी आठव्या महिन्यात वाढला, तातडीनं सिझर केलं, बाळ १६०० ग्रॅमचं. सोनोग्राफीत वार ठीक होती.

मग यात बीपीचा थेट हात असतो, की लवकर जन्म आणि कमी वजनाचा? आणि पुढच्या खेपेला बीपी सांभाळला तर हा धोका खरंच कमी होतो का?