रोज वेगळा पदार्थ म्हणजे आहारात वैविध्य आहे, असे मानावे का?

रानमोगरा (प्रश्न)

आमच्या घरी सासू-सासरे, आम्ही दोघे आणि आठवीत शिकणारी मुलगी अशी पाच माणसे आहोत. नुकत्याच केलेल्या तपासणीत मुलीचे हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि उठता उठता ‘आहारात वैविध्य ठेवा’ असेही सांगितले. त्या वाक्यावर मी अडले आहे, कारण आमच्याकडे एकच पदार्थ लागोपाठ दोन दिवस सहसा होत नाही. सकाळी आलटूनपालटून पोहे, उपमा, शिरा, शेवयांचा उपमा किंवा ब्रेड असतो. डब्यात पोळी आणि बटाटा, फ्लॉवर, कोबी यांपैकी एखादी भाजी. शाळेतून आल्यावर चहा आणि खारी किंवा बिस्किटे. रात्री वरण-भात, पोळी आणि उरलेली भाजी. रविवारी पावभाजी किंवा पुऱ्या होतात.

सासूबाईंचे म्हणणे असे की त्यांच्या माहेरी, सोलापूरकडे, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि कालवण एवढेच असे आणि कोणाचे काही बिघडले नाही. मग वैविध्य नेमके कशाचे हवे? आणि ते एका दिवसात साधायला हवे की आठवडाभरात जमले तरी चालते?

जवसचटणी

तुमच्या यादीत पदार्थ पुष्कळ आहेत, धान्ये मात्र दोनच आहेत. उपमा, शिरा, शेवया, ब्रेड, पोळी, खारी, बिस्किटे, पाव आणि पुऱ्या हा सगळा गहू आहे आणि त्यातला बराचसा रवा किंवा मैदा होऊन, म्हणजे कोंडा गमावून, आलेला आहे. उरलेले पोहे आणि भात हे तांदूळ. वरण बहुधा तुरीच्याच डाळीचे असावे. एकच पात्र कपडे बदलून नऊ वेळा रंगमंचावर यावे, तसे तुमच्या आठवड्यात गव्हाचे झाले आहे. तुमचेच असे नव्हे. शहरातल्या बहुतेक मराठी घरांत आज हेच चित्र दिसेल.

पदार्थ मोजण्याऐवजी अन्नगट मोजावेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांच्या आहाराच्या पाहणीसाठी दहा गट ठरवले आहेत: धान्ये आणि कंदमुळे, डाळी-कडधान्ये, दाणे आणि तेलबिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व देणारी भाज्या-फळे (गाजर, लाल भोपळा, आंबा, पपई यांसारखी), इतर भाज्या, आणि इतर फळे. दिवसभरात यांपैकी किमान पाच गट पोटात गेले तर आहार बऱ्यापैकी विविध धरतात. हे मोजमाप लोकसमूहांसाठी आहे, एका व्यक्तीचे निदान करण्यासाठी नाही. तरी स्वयंपाकघरात ते फार उपयोगी पडते. त्यात बटाटा भाजी म्हणून धरत नाहीत, तो धान्यांच्या गटात जातो. चहातले दूधही हिशेबात येत नाही, आणि वरून भुरभुरवलेली कोथिंबीर पालेभाजी ठरत नाही, कारण गट मोजायचा तर किमान 15 ग्रॅम, म्हणजे साधारण चमचाभर तरी, खाल्ले गेले पाहिजे. या हिशेबाने तुमचा फ्लॉवरचा दिवस तीन गटांवर थांबतो आणि बटाट्याचा दिवस दोनच गटांवर.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही पहिले तत्त्व विविध अन्नपदार्थ खाण्याचेच आहे. एकूण उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा 45 टक्क्यांहून जास्त नसावा, असे ती सांगतात. आपल्या ताटात पोळी आणि भात मिळून हा आकडा सहज ओलांडतात आणि मग पोट भरलेले असल्याने इतर गटांना जागाच उरत नाही.

एका दिवसात की आठवड्यात, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घटकाचे वेगवेगळे आहे. अ जीवनसत्त्व यकृतात साठते, त्यामुळे गाजर किंवा लाल भोपळा रोज झालाच पाहिजे असे नाही. क जीवनसत्त्व शरीरात फारसे साठून राहत नाही, म्हणून पेरू, आवळा, संत्रे किंवा लिंबू यांतले काहीतरी रोज हवे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन हे धान्याच्या प्रथिनात कमी असते आणि मेथिओनिन हे डाळीच्या प्रथिनात. ही दोन्ही एकाच घासात नसली तरी एकाच दिवसात असली की पुरते.

लोहाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तुमच्या मुलीसाठी तीच महत्त्वाची आहे. वनस्पतींमधले लोह शरीरात कितपत शोषले जाईल, हे त्याच जेवणात सोबत काय आहे यावर ठरते. क जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण वाढते. चहातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते घटते. म्हणून पोह्यांवर लिंबू पिळणे आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळणे, हे दोन बदल पैसे न लागता होतील. गोळीही चहाबरोबर देऊ नये.

धानपट्टा

सासूबाईंच्या आठवणीविषयी थोडे लिहितो, कारण ‘आम्ही जन्मभर हेच खाल्ले’ हे वाक्य आमच्या पूर्व विदर्भातही नेहमी ऐकू येते.

त्यांचे कालवण म्हणजे काय असे, ते त्यांना सविस्तर विचारून पाहा. हरभऱ्याचा पाला, अंबाडी, करडईची भाजी, चाकवत, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, हुलग्याचे माडगे, ताक, शेताच्या बांधावर उगवलेली घोळ, हे सगळे ‘एवढेच’ या शब्दाखाली झाकले गेले असण्याची शक्यता दाट आहे. भाकरी एक असली तरी तिच्याभोवतीचे ऋतूप्रमाणे बदलत असे.

जिथे खरोखरच एका धान्यावर भागवावे लागले, तिथे माणसांचे बिघडले आहे. दख्खनमध्ये प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा नायसिनच्या, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाच्या, कमतरतेचा रोग आढळत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर चट्टे, जुलाब आणि मानसिक अस्वस्थता ही त्याची लक्षणे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी जोडला. या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले, पण ज्वारीसोबत डाळ, दूध, पाला खाणाऱ्यांना हा रोग सहसा होत नव्हता. दोष ज्वारीचा नाही, ती एकटी पडण्याचा आहे.

याहून बोलके उदाहरण आमच्याकडच्या लाखोळी (लाख) या कडधान्याचे आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत धान कापण्याच्या आधी उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर ते पीक येते. तिची डाळ, तिचे वडे, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी लोक आवडीने खातात. या दाण्यात ओडॅप नावाचे विषारी द्रव्य असते. इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर सहसा काही होत नाही; पण दुष्काळात किंवा गरिबीत महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय कायमचे लुळे पडतात. मध्य प्रदेशातील रीवा भागात शेतमजुरांना मजुरीच लाखोळीच्या रूपात मिळत असे, आणि लॅथिरिझमचे, म्हणजे याच पांगळेपणाचे, रुग्ण तिथे मोठ्या संख्येने आढळले. सरकारने 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली. बंदी योग्य होती की नाही, हा वाद स्वतंत्र आहे. मात्र तोच दाणा एका ताटात निरुपद्रवी आणि दुसऱ्यात घातक ठरतो, याला त्या ताटातली इतर अन्नेच कारण असतात.

उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, पण एक आक्षेप नोंदवते. पालेभाजी आणा, कडधान्ये भिजवा, तीन प्रकारची पिठे ठेवा, हे सांगायला सोपे आहे. ते करणारी व्यक्ती घरात बहुधा एकच असते आणि तीही नोकरी करून आलेली. मेथीची जुडी निवडायला जो वेळ लागतो, तो कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो. ती जुडी संध्याकाळी बातम्या बघणाऱ्यांच्या पुढ्यात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी श्रमाचे मार्ग आपल्याच स्वयंपाकात आहेत. थालिपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद एकत्र येतात आणि ती एकदा दळून आणली की बरेच दिवस टिकते. वरणात तुरीबरोबर मूठभर मसूर किंवा मूग टाकायला वेगळा वेळ लागत नाही. तीळ, जवस आणि शेंगदाणे यांच्या कोरड्या चटण्या ताटाच्या डाव्या बाजूला रोज पडल्या की एक गट भरतो, फक्त बोटाने चाटण्याइतकी नव्हे तर चमचाभर घ्यावी. फळ म्हणजे किवी किंवा ब्लूबेरी नव्हे. हंगामातला पेरू स्वस्त असतो आणि क जीवनसत्त्वात संत्र्याच्या पुष्कळ पुढे असतो.

रानमोगरा

सर्वांचे आभार. सासूबाईंना विचारले, तर त्यांनी अंबाडी, घोळ आणि पाथरीपासून सुरुवात करून इतकी नावे सांगितली की मला ती लिहून घ्यावी लागली. दोन शंका उरल्या आहेत. बाजारातले मल्टिग्रेन पीठ आणले तर धान्यांचा प्रश्न सुटेल का? आणि लोहासाठी व कॅल्शियमसाठी मिळून रोज पालकच केला तर चालेल का?

जवसचटणी

पिठाच्या पिशवीवरील घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. गहू पहिला आणि त्याच्यापुढे मोठा टक्का असेल, तर ते गव्हाचेच पीठ समजावे. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा पोळीऐवजी सरळ भाकरी करावी. त्यांत एकदा नाचणी असू द्यावी, कारण 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तांदूळ-गहू तिच्या जवळपासही येत नाहीत.

रोज पालक नको. त्यात कॅल्शियमला बांधून ठेवणारे ऑक्सलेट भरपूर असल्याने त्यातील कॅल्शियमचा अगदी थोडा भाग, साधारण पाच टक्के, शरीराला मिळतो. दुधातील जवळजवळ तीस टक्के मिळतो. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी तर रोजचा पालक अयोग्यच. मेथी, शेपू, शेवग्याचा पाला आणि मुळ्याचा पाला आलटूनपालटून आणावा. तपासणी पुन्हा कधी करायची आणि गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे. हिमोग्लोबिन एकदा खाली गेले की ते केवळ भाज्यांनी वर आणायला फार वेळ लागतो.