मदत हवी: नायट्रोजनच्या रेणूची सहावी डिग्री ऑफ फ्रीडम (हालचालीची स्वतंत्र तऱ्हा) कुठे गेली?

गोव्यात कुंडईला माझी फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. आर्गॉनची नळकांडी रोज हाताळतो, पण आतल्या वायूचा विचार कधी केला नव्हता. लेक अकरावी सायन्सला, चवथ संपली की चाचणी, म्हणून तिच्यासोबत बसलो आणि दोघेही अडकलो.

३०० केल्व्हिनला २ मोल आर्गॉनची आंतरिक ऊर्जा ३/२ nRT (n मोल, R वायू स्थिरांक, T तापमान, आणि वरचा ३ म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम), म्हणजे ७,४८३ जूल. तेवढ्याच नायट्रोजनची ५/२ nRT, १२,४७१ जूल. इथवर ठीक. पण दोन अणू, प्रत्येकाला तीन दिशा, म्हणजे ६ व्हायला हव्यात ना? पुस्तकात ५, आणि कंपन धरलं की एकदम ७!

लेकीने गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या दोन ओल्या सुपाऱ्या माडाच्या हिराच्या (पात्याच्या काडीच्या) दोन टोकांना टोचल्या (त्यावरून आजीची बोलणी खाल्ली ती वेगळी). सरकवून तीन, कोलांट्या घालून दोन. मग हीर चिमटीत धरून गर्रकन फिरवला. "बाबा, ही सहावी. हिच्यात काही हलत नाही म्हणून सोडली." मला पटलं होतं. पण मग ७ कशा?

प्रतिसाद १:
सुपाऱ्या झकास, पण सहावी ती नव्हे. अणू बिंदू धरलेत, तर त्या फिरकीने त्यांची जागा बदलतच नाही, म्हणजे ती ६ मध्ये नव्हतीच. सहावी म्हणजे सुपाऱ्यांचं जवळ-लांब होणं, कंपन. हीर ताठ, म्हणून दिसली नाही. कंपनात गतिज आणि स्थितिज अशा दोन ऊर्जा असतात, दोघींना प्रत्येकी ½kT चा वाटा (k म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक). म्हणून ५ + २ = ७. जागा मोजल्या तर ६, ऊर्जेचे वाटे मोजले तर ७.

आता ५ का? कंपनाची ऊर्जा ठरावीक हप्त्यांतच घेता येते, आणि नायट्रोजनचा एक हप्ता तापमानात मोजला तर सुमारे ३,४०० केल्व्हिन. ३०० ला तो परवडत नाही. क्लोरीनचे अणू जड, बंध ढिला, त्यामुळे खोलीच्या तापमानालाच त्याची Cv (आकारमान तेच ठेवून एक मोल वायू एक केल्व्हिनने तापवायला लागणारी उष्णता) सुमारे २५.६ जूल येते, २०.८ (५/२ R) आणि २९.१ (७/२ R) यांच्या अधेमधे.

परीक्षेत 'कंपन धरा' असं लिहिलं नसेल तर मुकाट्याने ५ घ्या.

धागाकर्ता:
देव बरें करूं! हीर काढून जुन्या पेनातली स्प्रिंग लावली. सुपाऱ्या मस्त नाचतात. आता लेक विचारते, "आर्गॉनला स्प्रिंगच नाही, मग तो कितीही तापवला तरी ३च का?" मी हो म्हटलंय. बरोबर ना?

प्रतिसाद १:
बरोबर. वेल्डिंगच्या ठिणगीत सोडून. तिथे अणूतले इलेक्ट्रॉनच सुटतात.