भागीदारी मोडायची आहे, पण लेखी करार नाही. माझा हक्क कितपत?

गेटवाला :
मी आणि माझा मित्र मिळून फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. ग्रिल, गेट, शेडची कामं. करारनामा नाही, नफा निम्मा-निम्मा असं तोंडी ठरलेलं. जीएसटी नंबर आणि करंट अकाउंट त्याच्या नावावर, जागा त्याच्या वडिलांची. वेल्डिंग सेट आणि कटिंग मशीन माझ्या पैशांतून आलं. पुढे पत्रा-पाईपवाल्याची उधारी तटली तेव्हाही मीच जादा रक्कम घातली. आता बाहेर पडतो म्हटल्यावर तो म्हणतो, "धंदा माझ्या नावावर आहे, तू कामाला होतास." फार लागलंय हे. आमचं घरी जाणं-येणं आहे, कोर्टकचेरी नकोय. पण कागद नाही म्हणून माझं काहीच नाही का?

रोखठोक :
मशीन तुमचं आहे ना? टेम्पो सांगा आणि उचलून आणा. मग तो आपणहून बोलायला येईल.

खतावणी :
कृपा करून असं करू नका. तो पोलिसात गेला तर खुलासे तुम्हीच देत बसाल. शिवाय मशीन भांडवल म्हणून धंद्यात घातलं असेल तर ते फर्मचं धरलं जातं. बिल कोणाच्या नावावर आहे ते आधी काढा.

छोट्या धंद्यांची वह्या-खाती लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर सांगतो. भारतीय भागीदारी कायदा, 1932 प्रमाणे भागीदारी तोंडीही असू शकते. मुदत ठरलेली नसेल तर ती मर्जीची भागीदारी, आणि कलम 43 प्रमाणे कोणीही एक भागीदार लेखी नोटीस देऊन ती संपवू शकतो. नोटिशीत तारीख घाला. त्या तारखेला फर्म विसर्जित होते आणि हिशेब त्या दिवसापर्यंतचा लागतो. तोंडी "मी चाललो" म्हणून निघालात तर पुढे ह्या तारखेवरूनच वाद होतो.

"कामाला होतास" ह्याला उत्तर बँकेच्या उताऱ्यात सापडेल. दरमहा ठरीव रक्कम मिळत होती की नफा बघून दोघं सारखी उचल घेत होता? दुसरं असेल तर त्या नोंदी, "ह्या महिन्याचे अर्धे पाठवले" असे व्हॉट्सअॅप मेसेज, पत्र्याचे पैसे तुमच्या खात्यातून गेल्याचा पुरावा, सगळं आजच्या आज प्रिंट करून ठेवा. नुसता नफा वाटून घेतल्याने भागीदारी सिद्ध होत नाही. धंदा दोघांचा होता हे एकूण व्यवहारावरून दिसावं लागतं.

हिशेबाचा क्रम कलम 48 मध्ये आहे: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराने भांडवलावर घातलेली जादा रक्कम, मग भांडवल, उरलं तर नफ्याच्या प्रमाणात वाटणी. पत्र्यासाठी घातलेले तुमचे पैसे ह्या दुसऱ्या पायरीवर येतात, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर त्यावर वर्षाला 6 टक्के व्याजही. लोक हे मागायचंच विसरतात! तोटा निघाला तर तोही दोघांचा, हे मात्र धरून चला.

काळा कोट :
वर बरोबर लिहिलंय. दोन भर. फर्म नोंदणीकृत नसली तरी विसर्जन आणि हिशेबाचा दावा लावता येतो. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने ह्यावर बंधन घातलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये रद्द केलं. त्यामुळे "नोंदणी नाही, दावा चालणार नाही" ह्या धमकीला घाबरू नका. मुदत विसर्जनापासून 3 वर्षं.

दुसरं, फर्म संपल्याची जाहीर नोटीस. ती दिली नाहीत तर मित्राने उद्या फर्मसाठी उचललेल्या मालाची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते (कलम 45). स्थानिक मराठी दैनिकात द्याच. पत्रा-पाईपवाल्याला वेगळं पत्र देऊन पोच घ्या.

गेटवाला :
खूप आधार वाटला. एका सोसायटीचं गेट अर्धं झालंय, ॲडव्हान्स घेतलेला आहे. नोटीस दिली की ते सोडायचं का?

खतावणी :
सोडू नका. सुरू असलेली कामं पुरी करण्यापुरता दोघांचा अधिकार विसर्जनानंतरही राहतो. त्या गेटचा खर्च आणि येणं वेगळ्या पानावर लिहा, नवीन ऑर्डर मात्र एकत्र घेऊ नका. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पण त्याआधी त्याला भेटून सांगा की पाठवतोय. घरोबा आहे म्हणता, तर पोस्टमनकडून कळायला नको. आणि दोघांना मान्य असा सीए बसवून हिशेब झाला, तर शेवटी विसर्जनपत्र स्टॅम्पपेपरवर कराच: कोणी काय घेतलं, कोणतं देणं कोणाकडे, जीएसटीची मागची थकबाकी निघाली तर कोण भरणार. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

गेटवाला :
रविवारी त्याच्या घरी जातोय. उतारे आणि मशीनचं बिल काढून ठेवलं आहे. बिल माझ्याच नावावर निघालं.